उंचीचा आंकडा आणि खालची जमीन

रेवसच्या धक्क्यावर उभें राहून समोर पाहिलें म्हणजे धरमतरच्या खाडीपलीकडे करंजाची टेकडी दिसते. तिच्या मागें मुंबई बंदराचें पाणी पसरलेलें असतें. आणि पूर्वेकडे दृष्टि वळविली तर, हवा स्वच्छ असल्यास, सह्याद्रीच्या निळसर रांगा क्षितिजावर उभ्या असतात. समुद्र आणि डोंगर ह्यांच्यामधील अंतर कोंकणांत फारच थोडें. पायीं चालणाऱ्या माणसाला तें दोन दिवसांचें, आगगाडीला दोनअडीच तासांचें, आणि विमानाला अवघ्या कांहीं मिनिटांचें. वैमानिक आपल्या उंचीच्या बाबतींत चुकतो तो कसा, हें समजून घ्यावयाचें असेल तर ह्या थोडक्या अंतराकडे आधीं पाहिलें पाहिजे.

रेवसचें नांव निघालें कीं जुन्या माणसांना ‘रामदास’ बोट आठवते. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ही आगबोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें समुद्रांत गेलीं. परंतु येथें सांगावयाचें आहे तें पाण्यावरील अपघाताविषयीं नाहीं. आकाशांतून जाणारीं मोठमोठीं विमानें, उत्तम यंत्रें आणि अनुभवी वैमानिक असूनहि, डोंगरावर कशीं जाऊन आदळलीं, हा विषय आहे. रेवसचा उपयोग इतकाच कीं, तेथील तांडेलाला जी गोष्ट लहानपणापासून ठाऊक असते, तीच गोष्ट विमानविद्येला फार मोठी किंमत देऊन शिकावी लागली.

ती गोष्ट अशी. बंदराच्या नकाशावर पाण्याची खोली आंकड्यांनीं लिहिलेली असते. येथें इतके वाव, तेथें तितके वाव. पण हे आंकडे अगदीं उतरत्या ओहोटीच्या पाण्यापासून मोजलेले असतात. भरतीच्या वेळीं प्रत्यक्ष पाणी त्याहून बरेंच अधिक असतें. म्हणजे खोली विचारणाऱ्यानें ‘किती’ एवढेंच विचारून भागत नाहीं. ‘कोठपासून मोजलेली’ हेंहि विचारावें लागतें. शिवाय नकाशावरील आंकडा उपयोगीं पडतो तो आपला मचवा त्या नकाशावर नेमका कोठें आहे हें ठाऊक असेल तरच. तीन वाव पाणी असलेल्या जागेचा आंकडा मनांत धरून जो तांडेल गाळाच्या उंचवट्यावर होडी घालतो, त्याचा आंकडा खोटा नसतो; त्याची जागा चुकलेली असते. ‘कोठपासून’ आणि ‘कोठें’ हे दोन प्रश्न श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावे. पुढील सर्व हकीकत त्यांच्याभोवतींच फिरते.

आपण हवेच्या समुद्राच्या तळाशीं राहतों, हा विचार इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेल्ली ह्यानें १६४४ सालीं मांडला. पाऱ्याच्या नळीनें हवेचा भार मोजतां येतो हें त्यानें दाखविलें. पुढें फ्रान्समध्यें पास्कल ह्याच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए हा १९ सप्टेंबर १६४८ रोजीं पाऱ्याची नळी घेऊन प्यूइ-द-दोम नांवाच्या डोंगरावर चढला. माथ्यावर पोहोंचतों पोहोंचतों पारा तीन इंचांहून किंचित् अधिक खालीं उतरलेला आढळला. डोंगराच्या पायथ्याशीं दुसरी नळी एका माणसाच्या देखरेखीखालीं ठेवली होती. तिच्यांतील पारा दिवसभर होता तेथेंच राहिला. वर जावें तसतसा हवेचा भार कमी होतो, हें अशा रीतीनें सिद्ध झालें. विमानांतील उंचीमापक, ज्याला वैमानिक आल्टिमीटर म्हणतात, तो मुळांत ह्याच प्रयोगाचें धाकटें रूप होय. पाऱ्याच्या जागीं हवा काढून घेतलेली धातूची लहानशी डबी आली, आणि डबीच्या फुगण्यादबण्यानें फिरणारे कांटे आले, एवढाच काय तो फरक.

ह्यावरून एक गोष्ट सहज लक्षांत येईल. उंचीमापक उंची मोजीतच नाहीं. तो मोजतो हवेचा भार. आणि त्या भारावरून उंचीचा तर्क करतो. समुद्रसपाटीजवळ एक मिलिबार भार कमी झाला म्हणजे सुमारें २७ फूट उंची वाढली, असा त्याचा हिशोब. परंतु समुद्रसपाटीवरचा भार रोज एकसारखा राहत नाहीं. यंत्राचें शून्य ज्या प्रमाणभूत भारावर बसविलेलें असतें तो १०१३ मिलिबारांचा. मुंबईच्या किनाऱ्यावर जुलै महिन्यांत, मान्सूनच्या दिवसांत, तो ह्याहून आठदहा मिलिबारांनीं उतरलेला असतो. प्रमाणभूत शून्य तसेंच ठेवून पावसाळ्यांत कोणी मुंबईस उतरूं लागला, तर यंत्र त्याला खऱ्या उंचीहून सुमारें अडीचशें फूट अधिक उंची दाखवील. अडीचशें फूट म्हणजे वीसबावीस मजल्यांची इमारत. म्हणून उतरण्यापूर्वीं विमानतळाकडून त्या घटकेचा भार विचारून घेऊन यंत्राचें शून्य बदलावें लागतें. भरतीओहोटी पाहून खोलीचा आंकडा दुरुस्त करून घेणाऱ्या तांडेलाचें काम आणि हें काम एकाच जातीचें. मुंबईंत असे भार मोजण्याची परंपरा जुनी आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं स्थापन झाली. तिचीं चुंबकीय यंत्रें विजेच्या ट्रामगाड्यांमुळें बिघडतील ह्या धास्तीनें १९०४ सालीं अलीबागेस नवी वेधशाळा काढण्यांत आली. रेवसला उतरून अलीबागेस जाणाऱ्या पुष्कळांनीं ती इमारत पाहिली असेल. यंत्र निर्दोष असून भागत नाहीं, भोंवतालची परिस्थितिहि निर्दोष असावी लागते, ह्याचें इतकें जवळचें उदाहरण दुसरें सांपडणें कठीण.

आरंभींच्या वैमानिकांना ह्या यंत्रांची फारशी पर्वा नव्हती, कारण तीं त्यांच्याजवळ नव्हतींच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा ह्यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आपलें लहानसें पस मॉथ विमान जुहूच्या मैदानावर उतरविलें, तेव्हां त्या विमानांत बिनतारी यंत्रसुद्धां नव्हतें. डोळ्यांनीं जमीन पाहावी, नदी, रेल्वेचा रूळ व किनारा ओळखावा, आणि पुढें जावें. जुहूचें मैदान पावसाळ्यांत चिखलानें व भरतीच्या पाण्यानें निकामी होई, म्हणून त्या दिवसांत टाटांचा तळ पुण्यास येरवड्याजवळच्या मैदानावर हलवीत. ढगांत शिरावयाचें नाहीं, हाच त्या काळचा मोठा नियम होता. आणि जे वैमानिक तो पाळीत ते म्हातारे होत.

ढगांत शिरल्यावर काय होतें हें सांगितलें पाहिजे. माणसाला आपला तोल कळतो तो डोळ्यांनीं आणि कानाच्या आंत असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांनीं. डोळ्यांसमोर पांढरा धूर पसरला कीं सारा भार कानावर पडतो, आणि कान फसवितो. विमान हळूहळू एका बाजूला कलंडत असतां तें सरळ चालल्यासारखें वाटतें. आणि सरळ केलें म्हणजे उलट बाजूला कलल्यासारखें वाटतें. कसलेला वैमानिकहि ह्यांतून सुटत नाहीं, कारण हा दोष कसबाचा नसून शरीराचा आहे. ह्यावर उपाय एकच: शरीर काय सांगतें तिकडे दुर्लक्ष करून यंत्रांवर विश्वास ठेवणें. २४ सप्टेंबर १९२९ रोजीं अमेरिकेंत न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जेम्स डूलिटल ह्यानें चोहोंकडून झांकलेल्या जागेंत बसून, बाहेरचें कांहींहि न पाहतां, विमान उडविलें, फिरविलें आणि पुन्हा उतरविलें. पुढच्या उघड्या आसनावर केल्सी नांवाचा दुसरा वैमानिक सोबतीला होता; पण त्यानें चालनदांड्याला हात लावला नाहीं. डूलिटलजवळ स्पेरी ह्यांचें कृत्रिम क्षितिज होतें, आणि पॉल कोल्समन ह्या जर्मन कारागिरानें बनविलेला अतिशय सूक्ष्म उंचीमापक होता. त्याच वर्षीं एडविन लिंक ह्या बाजाचे ऑर्गन बनविणाऱ्या कारखानदाराच्या मुलानें हवेच्या भात्यांवर डुलणारें एक लांकडी विमान तयार केलें. त्यांत बसून जमिनीवरच यंत्रोड्डाणाचा सराव करतां येई. प्रथम लोकांनीं त्याला जत्रेंतलें खेळणें मानलें. १९३४ सालीं अमेरिकन लष्करी वैमानिक हिंवाळ्याच्या वादळांत टपाल नेतांना एकामागून एक मरूं लागले, तेव्हां सरकारला त्या खेळण्याची आठवण झाली आणि सहा यंत्रें विकत घेण्यांत आलीं. हें असेंच चालतें.

तेव्हांपासून यंत्रोड्डाणाचें शिक्षण हा वैमानिकाच्या विद्येचा अटळ भाग झाला. विद्यार्थ्याच्या डोक्यावर असें एक टोपडें चढवितात कीं त्याला समोरचीं यंत्रें तेवढीं दिसावीं, खिडकीबाहेरचें जग दिसूं नये. शेजारीं बसलेल्या गुरूला मात्र सारें दिसत असतें. ह्या शिक्षणांत सर्वांत अधिक वेळां होणारी चूक उंचीची. विद्यार्थी कृत्रिम क्षितिजाकडे टक लावून पाहत विमान सरळ राखण्याच्या नादीं लागतो, आणि तेवढ्यांत उंची तीनचारशें फुटांनीं घसरते. ती सांवरूं लागला कीं दिशा चुकते. दिशा सुधारावी तों विमान ठरल्या उंचीच्या वर निघून गेलेलें. सहा यंत्रांवरून दृष्टि सारखी फिरती ठेवावयाची, एकावरहि खिळवावयाची नाहीं, हें सांगावयास सोपें आणि अंगीं बाणावयास महिने लागणारें. शिक्षणांत ही चूक निरुपद्रवी असते, कारण शेजारीं गुरू असतो आणि खालीं उघडें मैदान असतें. गुरू ‘उंची पाहा’ म्हणतो, आणि प्रसंग संपतो.

पण उंचीमापकाकडे पाहूनहि उंची चुकते, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. जुन्या उंचीमापकावर घड्याळासारखे तीन कांटे असत. लांब कांटा शेंकड्यांचा, आंखूड कांटा हजारांचा, आणि सर्वांत लहान कांटा दहा हजारांचा. तिसरा कांटा इतका बारीक कीं दुसऱ्या कांट्याखालीं सहज दडावा. दुसऱ्या महायुद्धानंतर फिट्स आणि जोन्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं यंत्रें वाचतांना वैमानिकांच्या हातून घडलेल्या २७० चुका गोळा केल्या आणि १९४७ सालीं त्यांचें वर्गीकरण प्रसिद्ध केलें. त्यांत असले अनेक कांट्यांचे उंचीमापक वाचण्याच्या चुका ठळक होत्या. दोन वर्षांनीं ग्रेथर ह्यानें वैमानिकांची परीक्षाच घेतली. तीन कांट्यांचा उंचीमापक वाचतांना दर शंभर वाचनांत अकराबारा वेळां हजार फुटांची वा त्याहून मोठी चूक होई. हे वैमानिक नवशिके नव्हते, घाईंत नव्हते, ढगांत तर नव्हतेच. टेबलाशीं बसून कागदावरचीं चित्रें वाचीत होते. तरीहि शहाणपण लवकर आलें नाहीं. १९५८ सालीं इंग्लंडच्या दोन विमानांचा ह्याच कारणानें नाश झाला. २८ एप्रिल रोजीं प्रवासी घेण्यासाठीं रिकामें चाललेलें एक व्हायकाउंट विमान स्कॉटलंडमध्यें प्रेस्टविकजवळ जमिनीवर आलें. कप्तानानें उंची दहा हजार फुटांनीं अधिक वाचली होती. आंतले पांचहि जण दैवयोगानें वाचले. २४ डिसेंबर रोजीं चांचणीसाठीं उडालेलें एक ब्रिटानिया विमान दक्षिण इंग्लंडांत अशाच दहा हजारांच्या चुकीनें धुक्यांत जमिनीला भिडलें आणि बारांपैकीं नऊ जण मेले. आपण अजून अकरा हजार फुटांच्या वर आहोंत अशा समजुतीनें ते खालीं उतरत होते. त्यानंतर तीन कांट्यांचे उंचीमापक हळूहळू मोठ्या विमानांतून गेले आणि आंकडे सरळ छापून दाखविणारी यंत्रें आलीं.

येथवर ‘किती’ आणि ‘कोठपासून’ ह्या चुका झाल्या. तांडेलाचा दुसरा प्रश्न अजून उरलाच आहे. आणि महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेले मोठे अनर्थ त्या दुसऱ्या प्रश्नाचे आहेत.

मुंबईचा विमानतळ समुद्रकांठीं. पश्चिमेकडून येणाऱ्याला वाटेंत अडथळा कसला तो नाहीं. पूर्वेकडून येणाऱ्याला मात्र आधीं दख्खनचें पठार, मग सह्याद्रीची भिंत, मग कोंकणची अरुंद पट्टी, आणि शेवटीं साष्टीच्या टेकड्या ओलांडाव्या लागतात. १२ जुलै १९४९ रोजीं डच कंपनीचें ‘फ्रानेकर’ नांवाचें कॉन्स्टेलेशन विमान दिल्लीहून मुंबईस उतरत असतां पावसांत व खालीं आलेल्या ढगांत घाटकोपरच्या टेकडीवर आदळलें. ४५ माणसें मेलीं. त्यांत इंडोनेशियाचा दौरा करून परतणारे तेरा अमेरिकन पत्रकार होते; पुलित्झर पारितोषिकाचा मानकरी निकरबॉकर हा त्यांतलाच एक. सांताक्रूझची धावपट्टी तेथून हांकेच्या अंतरावर होती.

त्यानंतर तेरा वर्षांनीं घडलेली जुन्नरची दुर्घटना ह्या साऱ्या विषयाचा गाभा आहे. आलितालिया ह्या इटालियन कंपनीचें डीसी-८ जातीचें जेट विमान ऑस्ट्रेलियांतील सिडनीहून निघून डार्विन, सिंगापूर, बँकॉक असे मुक्काम करीत मुंबईकडे येत होतें. पुढें कराची, तेहरान व रोम असा त्याचा मार्ग होता. प्रवासी ८५, आणि वैमानिक व सेवक मिळून ९. बँकॉकहून निघालेलें हें विमान बंगालचा उपसागर ओलांडून, भारताची सारी रुंदी पूर्वेकडून पश्चिमेकडे कापीत, आषाढांतल्या अंधाऱ्या रात्रीं महाराष्ट्रावर आलें. ७ जुलै १९६२ चा दिवस नुकताच सुरू झाला होता; मध्यरात्र उलटून दहाच मिनिटें झालीं होतीं.

जेट विमानाला उतरण्याची तयारी फार आधींपासून करावी लागते. तीस हजारांहून अधिक उंचीवरून खालीं यावयाचें, आणि दर हजार फुटांना सुमारें तीन मैल अंतर हवें. म्हणजे शंभर मैल दूर असतांनाच उतरण्यास आरंभ व्हावा लागतो. मुंबईचे दिवे दिसण्याच्या कितीतरी आधीं, काळोखांत, केवळ घड्याळ, गति आणि बिनतारी दिशादर्शक ह्यांच्या आधारानें वैमानिकाला ठरवावें लागतें कीं आपण आतां कोठें आहोंत. ह्या वैमानिकानें मुंबईच्या नियंत्रणकक्षाशीं बोलून उतरण्यास आरंभ केला. फेरा न घेतां पूर्वेकडून सरळ धावपट्टीवर येण्याचा त्याचा बेत होता. शेवटच्या टप्प्यासाठीं चार हजार फुटांपर्यंत उतरण्याची परवानगी त्याला मिळाली.

चार हजार फूट! ठाण्याच्या वा मुंबईच्या डोक्यावर ही उंची भरपूर होय. पण नकाशा काढून पाहावा. जुन्नरचें पठारच समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या वर आहे. ज्या शिवनेरीवर शिवछत्रपतींचा जन्म झाला तिचा माथा साडेतीन हजारांच्या आसपास आहे. थोडें उत्तरेस हरिश्चंद्रगड साडेचार हजारांच्या वर, आणि त्यापलीकडे कळसूबाई पांच हजार चारशें फूट. कोंकणांतून नाणेघाट चढून जुन्नरास जाणाऱ्या शेंकडों पिढ्यांच्या व्यापाऱ्यांना जी गोष्ट पायांनीं ठाऊक होती, ती त्या वैमानिकाच्या ध्यानांत त्या क्षणीं नव्हती. आपण सह्याद्रि ओलांडून मुंबईजवळ पोहोंचलों, असें तो समजत होता. प्रत्यक्षांत मुंबई अजून पन्नासएक मैल पुढें होती. म्हणजे जेटच्या उतरत्या गतीनें आठदहा मिनिटें. सुमारें साडेतीन हजार फूट उंचीवर विमान जुन्नरच्या टापूंतील एका डोंगराला भिडलें. ९४ पैकीं एकहि जीव वांचला नाहीं.

चौकशींत निघालेला निष्कर्ष थोडक्यांत असा: आपण मुक्कामाच्या जवळ आलों आहोंत अशा चुकीच्या समजुतीनें वैमानिकानें वेळेपूर्वींच उतरण्यास आरंभ केला. उपलब्ध दिशादर्शक साधनांचा त्यानें पुरता उपयोग केला नाहीं, त्या भागासाठीं ठरलेली किमान सुरक्षित उंची राखली नाहीं, आणि मार्गावरील भूप्रदेशाशीं त्याचा परिचय नव्हता. निष्कर्ष योग्यच आहे. तरी त्यांतील शेवटचें कारण वाचून क्षणभर थांबावेंसें वाटतें. परिचय नसणें हा अपराध कोणाचा? एका रात्रीं सिंगापूर, दुसऱ्या रात्रीं मुंबई, तिसऱ्या रात्रीं तेहरान असा ज्याचा धंदा, त्याला प्रत्येक गांवच्या डोंगरांची ओळख असावी कशी? ती ओळख नकाशानें, नियमानें आणि जमिनीवरून बोलणाऱ्या माणसानें करून द्यावयाची असते. जमिनीवरील नियंत्रकानें ‘चार हजारांपर्यंत उतरा’ म्हटलें म्हणजे ‘तुमच्या वाटेंत दुसरें विमान नाहीं’ एवढाच त्या काळीं त्याचा अर्थ होता. ‘डोंगर नाहीं’ असा नव्हता. डोंगर सांभाळणें ही वैमानिकाची जबाबदारी. ऐकणाऱ्याला मात्र दमलेल्या मध्यरात्रीं त्या शब्दांत दुसराहि अर्थ ऐकूं येणें अगदींच अस्वाभाविक नाहीं. मेलेल्या वैमानिकाला उत्तर देतां येत नाहीं, म्हणून त्याच्या माथीं सर्व दोष मारून मोकळें होणें सोपें असतें.

चार वर्षांनीं हेंच दुर्दैव मुंबईहून निघालेल्या एका विमानावर युरोपांत ओढवलें, आणि त्याची झळ मुंबई बंदराच्या दुसऱ्या कांठापर्यंत, तुर्भ्याला पोहोंचली. एअर इंडियाचें ‘कांचनगंगा’ हें बोइंग विमान २४ जानेवारी १९६६ रोजीं जिनीव्हास उतरत असतां आल्प्स पर्वताच्या मों ब्लां शिखराजवळ आदळलें. ११७ जण मेले. त्यांत तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राचे संस्थापक डॉ. होमी भाभा होते. ते व्हिएन्नाच्या बैठकीस निघाले होते. विमानांतील दोन दिशादर्शक यंत्रांपैकीं एक बंद पडलें होतें. जमिनीवरील रडार पाहणाऱ्यानें शिखर अजून पुढें पांच मैलांवर आहे अशा आशयाची सूचना दिली. विमानांत तिचा अर्थ आपण शिखराची ओळ ओलांडली असा घेतला गेला, आणि विमान आणखी खालीं आलें. उंचीमापक खरेंच सांगत होता. जागा चुकली होती. त्याच पर्वतावर एअर इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजीं ४८ जणांसह नष्ट झालें होतें, हा योगायोग मन विषण्ण करणारा आहे.

१ जानेवारी १९७८ च्या रात्रीं ‘सम्राट अशोक’ हें जंबो जेट वांद्र्याच्या समुद्रांत कोसळलें आणि २१३ माणसें गेलीं, त्याची आठवण येथें कोणाला होईल. पण त्या अपघाताची गणना उंचीच्या चुकांत करणें बरोबर होणार नाहीं. तेथें कप्तानाचें कृत्रिम क्षितिज बिघडून विमान उजवीकडे कललें असल्याचें दाखवूं लागलें, आणि तो त्यावर विसंबून विमान डावीकडे वळवीत राहिला. खालीं काळा समुद्र, वर काळें आकाश, खरें क्षितिज कोठेंच नाहीं. शेजारचीं दुसरीं यंत्रें खरें सांगत होतीं. पण त्यांच्याशीं पडताळा पाहण्यास काळ पुरला नाहीं. यंत्रांवर विश्वास ठेवा, हा जो डूलिटलच्या काळापासूनचा धडा, त्याच्या शेजारींच ‘एकाच यंत्रावर ठेवूं नका’ हाहि धडा लिहिलेला आहे.

जुन्नरच्या चुकीची तंतोतंत पुनरावृत्ति १ डिसेंबर १९७४ रोजीं अमेरिकेंत, राजधानी वॉशिंग्टनजवळ झाली. ‘उतरण्यास परवानगी आहे’ ह्या नियंत्रकाच्या शब्दांचा अर्थ वैमानिकांनीं ‘आतां हवें तितकें खालीं येण्यास हरकत नाहीं’ असा घेतला, आणि विमान व्हर्जिनियांतील डोंगरावर आदळून ९२ जण मेले. ह्या वेळीं मात्र नुसता अहवाल लिहून काम संपलें नाहीं. डॉन बेटमन नांवाचा अभियंता कांहीं वर्षांपासून एका यंत्राच्या मागें लागला होता. हवेच्या भारावर न विसंबतां तें विमानाच्या पोटाखालून बिनतारी लहरी जमिनीवर सोडी, त्या परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून जमिनीचें प्रत्यक्ष अंतर काढी, आणि जमीन वाजवीपेक्षां लवकर जवळ येऊं लागली तर वैमानिकाला ओरडून सावध करी. ह्या अपघातानंतर अमेरिकन सरकारनें मोठ्या प्रवासी विमानांना तें सक्तीचें केलें, आणि पुढें इतर देशांनींहि. तरी त्याला एक उणीव होती: तें खालचें पाही, समोरचें पाहत नसे. उभा कडा समोर आला तर सूचना मिळावयास उशीर होई. आणि आपल्या सह्याद्रींत तर उभ्या कड्यांचीच वस्ती. ती उणीव १९९० नंतर भरून निघाली. साऱ्या पृथ्वीवरील डोंगरांच्या उंचीचा नकाशाच यंत्राच्या पोटांत घातला गेला. उपग्रहांवरून विमानाची जागा कळूं लागली, आणि यंत्र त्या जागेपुढचा डोंगर आधींच दाखवूं लागलें. ‘कोठें’ ह्या प्रश्नाचें उत्तर प्रथमच उंचीच्या आंकड्याशेजारीं येऊन बसलें.

विमानतळांच्या नकाशांवर सभोंवतालच्या प्रदेशाचे भाग पाडून प्रत्येक भागाची किमान सुरक्षित उंची छापलेली असते. मुंबईसाठीं पश्चिमेच्या समुद्राकडील आंकडा लहान, आणि पूर्वेच्या घाटांकडील मोठा. उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला त्या घटकेचा हवेचा भार मिलिबारांत सांगण्यांत येतो, आणि उतरावयाची उंचीहि सांगण्यांत येते. ते दोन्ही आंकडे ऐकून वैमानिकाला नुसतें ‘ठीक आहे’ म्हणून चालत नाहीं. ते जसेच्या तसे परत उच्चारून दाखवावे लागतात, आणि नियंत्रकाला ते कान देऊन ऐकावे लागतात. शेजारचा सहवैमानिक तोच आंकडा आपल्या यंत्रावर लावतो, आणि दोघे एकमेकांचें यंत्र पाहून घेतात. मग विमान सह्याद्रीचा कडा मागें टाकून कोंकणच्या पट्टीवर खालीं येऊं लागतें.